मोठीबाई

चार बहिणींतल्या थोरलीला सहलीला नेता येत नाही. सहल तीच चालवते, बाकीच्या तिच्या मागून जातात. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही बेबीमावशीच्या मुलानं दुबईहून फोन करून "शुक्रवारी या, रविवारी रात्री निघा, आणि मोठीमावशीला जरा आराम करू द्या," असं सांगितलं, तेव्हा तिघी धाकट्या बहिणी एका सुरात हो म्हणाल्या.

मोठीबाई ही माझ्या आईची थोरली बहीण. नात्यानं मावशी, पण तिला मावशी म्हणणारा तो दुबईचा एकटाच उरलाय. बाकी भाचे, सुना, दूधवाला, पतसंस्थेतला कारकून सगळे मोठीबाईच म्हणतात. राहायला खामगाव. आई चिखलीत, ठकूमावशी मलकापुरात, बेबीमावशी देऊळगाव राजाला. बेबीमावशीला नातवंडं आहेत, पण नाव बेबीच. आजोबांनी चारही मुली जिल्ह्यातच दिल्या. मात्र दोन घाटावर आणि दोन घाटाखाली. बाहेरच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला हवं. अजिंठ्याच्या डोंगरानं बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन मजले केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्यांकडे गार हवा. खालच्यांकडे कापूस आणि आगगाडी. वरचे म्हणतात, खाली माणूस उन्हानं करपतो. खालचे म्हणतात, करपतो पण स्टेशनावर करपतो, तुमच्यासारखा एसटीच्या फाट्यावर नाही. हे भांडण लग्नाच्या पंगतीत चालतं, दहाव्याला चालतं, आणि पुढं कळलं की परदेशातही चालतं.

आधी मोठीबाईला ती तारीखच पटेना. अमिरातीत पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. 2022 च्या जानेवारीपासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणून दुबईचा हा मावसभाऊ बिचारा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार एवढाच मोकळा. "तीन दिवसांसाठी परदेश?" मोठीबाई म्हणाली. "नांदुऱ्याच्या लग्नाले गेलं तरी चार दिवस मोडते." पण एकदा जायचं ठरलं म्हटल्यावर कारभार तिनं हातात घेतला. पहिला हुकूम सुटला तो सोबतीचा. चौघी बायका, बाहेरदेशी, सोबत माणूस पाहिजे. तो माणूस म्हणजे मी. माझं काम पाट्या वाचणं आणि पिशव्या धरणं. बाकी कशात बोलायचं नाही, हे मला लेखी दिलं नव्हतं एवढंच.

पासपोर्ट चौघींचे आधीच निघालेले होते, कारण मोठीबाईचं मत असं की कागद आधी करून ठेवावा, काम मागून निघतं. ते चार पासपोर्ट शेजारी शेजारी उघडले की मजा दिसते. चौघींची जन्मतारीख 1 जून. साल तेवढं वेगळं. आमच्याकडे त्या पिढीच्या निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचाच आहे. पोराला शाळेत घालताना जन्माची नोंद कुठं सापडायची नाही, आणि गुरुजी शाळेला सोयीची तारीख ठोकून द्यायचे. मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं चारही पुस्तकं पुढ्यात मांडली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा या चौघींकडे पाहिलं. मोठीबाई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं पेरणीच्या आधी उरकून घेतात, साहेब." त्यानं शिक्के मारले.

पण मी विमानतळावर फार लवकर पोचलो. मधे फराळ राहिला.

दिवाळी नुकतीच झालेली. अनारसे डबाभर उरलेले, किंवा खरं म्हणजे मुद्दाम उरवलेले. पिशव्या भरता भरता दुबईहून फोन आला: मावशी, बाकी काहीही आण, खसखस आणू नको. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि सामानात सापडली तर माणूस अडकू शकतो. मोठीबाईनं हे दोनदा म्हणवून घेतलं.

"खसखस? अनारशाची?"

"हो."

"मंग तिथल्या बाया अनारशाले काय लावतात?"

भाच्यानं सांगितलं, तिथल्या बाया अनारसे करत नाहीत. मोठीबाईच्या मनातून तो देश तिथंच थोडा उतरला. तरी तिनं हार मानली नाही. सुरीच्या पाठीनं एकेका अनारशावरची खसखस खरवडायला बसली. घाटावरच्या दोघी मदतीला आल्या. तासाभरानं पुन्हा फोन: एक दाणाही चालणार नाही. तेव्हा अर्धे टक्कल पडलेले ते अनारसे वेगळ्या डब्यात गेले, आणि रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये शेगावहून चढल्यावर आख्ख्या डब्यात वाटले गेले. मलकापूरला ठकूमावशी चढली तेव्हा डब्याच्या तळाशी चुरा होता. तिनं त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. भुसावळला एक वयस्क गृहस्थ उतरता उतरता विचारून गेले की कुणाचं लग्न होतं का.

अनारशांच्या जागी कचोरी आली. शेगावला महाराजांचं दर्शन घेतल्याशिवाय मोठीबाई कुठल्याच प्रवासाला निघत नाही, आणि दर्शनाला गेलेला माणूस कचोरी घेतल्याशिवाय परतत नाही. शेगावची कचोरी ही फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं स्टेशनवर सुरू केलेली चीज. म्हणजे सक्तीचा का होईना, प्रवास तिनं आमच्या सगळ्यांच्या आधी केलेला आहे. मोठीबाईनं एवढ्या घेतल्या की दुकानदारानं पत्ता विचारला, घरपोच पाठवू का म्हणून.

विमानात तिचा खरा विस्तार दिसला. मुंबई ते दुबई साधारण तीन तास. बहिणी चार, खिडकी एक. तिनं भागाकार केला: पाऊण पाऊण तास. सुरुवात धाकटीपासून, कारण धाकटी रडते. (बेबीमावशी अठ्ठावन्न वर्षांची आहे.) पहिला पाऊण तास संपला तेव्हा विमान अरबी समुद्रावर हेलकावे खात होतं आणि पट्टे बांधून बसायचा दिवा लागलेला होता. मोठीबाईनं घड्याळ पाहिलं आणि आईला म्हणाली, "चाल, ऊठ, तुही पाळी." हवाईसुंदरी धावत आली. दोघींची बोलणी कुठल्या भाषेत झाली कोण जाणे, पण दिवा विझल्यावर त्या हवाईसुंदरीनं स्वतः येऊन अदलाबदल करून दिली. उतरायच्या वेळी खिडकी ठकूमावशीच्या वाट्याला होती. मोठीबाईचा पाऊण तास कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

थोरल्या बहिणींची ही जमात विमानतळावर लांबून ओळखू येते. हातात एक पिशवी, तिच्यात घड्या घातलेल्या चार रिकाम्या पिशव्या. रांगेत ती कायम शेवटी उभी राहते आणि पुढच्यांची डोकी मोजते. बाथरूमच्या दाराशी उभी राहून आत गेलेल्या प्रत्येकीला "झालं का वं?" असं विचारते. सगळ्यांचे पासपोर्ट तिच्या पोटाशी, कापडी बटव्यात, त्याला सेफ्टी पिन, वर पदर. पासपोर्ट ज्याचा त्यानं दाखवायचा असतो, असं दुबईच्या खिडकीत सांगितल्यावर तिनं ते एकेकीच्या हातात दिले खरे, पण आईला बजावून, "नीट धरजो. देऊळगावच्या बालाजीच्या यात्रेत तू चाराणे हरपवले होते." आई त्या वेळी सात वर्षांची होती. हिशेब अजून चालू आहे.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सगळ्यांनी काटे फिरवले. मोठीबाई म्हणाली, "मायी घडी खामगावची हाये, खामगावचीच राहीन." परिणाम दुसऱ्या दिवशी कळला. ती घरी चारला उठते. हॉटेलच्या खोलीत अडीच वाजता दिवे लागले, नळ सुरू झाले, आणि घाटावरच्या दोघींच्या अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं. पांघरूण होतं कारण रात्रभर त्याच खोलीत दोन हवामानं चालू होती. घाटाखालच्यांना एसी अठरावर हवा, घाटावरच्यांना बंद. मोठीबाई स्वतः घाटाखालची, म्हणून निवाडा तिनं अगदी काटेकोर केला: मध्यरात्रीपर्यंत खालचे, त्यानंतर वरचे. फक्त मध्यरात्र खामगावच्या घडीप्रमाणे, त्यामुळे घाटाखालच्यांचा दीड तास बुडाला. ठकूमावशी म्हणते, न्याय करायचा म्हणजे आपल्याच माणसाला बुडवायचं, ही मोठीबाईची जुनी खोड आहे.

सकाळी खोली आवरायला नेपाळची एक मुलगी आली. आवरायला काही शिल्लक नव्हतं. चादरींच्या घड्या झालेल्या, कप धुतलेले, आणि न्हाणीघराच्या फरशीवरचं पाणी कुठून तरी मिळवलेल्या फडक्यानं निपटलेलं. ती दारात थबकली. मोठीबाईनं तिला बसवलं, गाव विचारलं, पगार विचारला, मुलं कुणापाशी आहेत ते विचारलं, दोन कचोऱ्या हातात ठेवल्या. ती आमच्याकडे बघून हसली आणि जिथं काहीच मळलं नव्हतं तिथं उगीच एकदा फडकं फिरवून गेली. पगार घ्यायचा तर काम केल्यासारखं दिसायला हवं, हे दोघींनाही मान्य होतं.

मेट्रोत माझी पदावनती झाली. 2009 साली सुरू झालेल्या त्या गाडीत बायका-मुलांसाठी राखीव जागा आहे. पुरुष तिथं सापडला तर 100 दिरहम दंड. दिरहम तेव्हा तेवीस रुपयांच्या आसपास. सोबतीला आणलेला माणूस सोबतीच्याच डब्यात चालत नाही म्हटल्यावर मोठीबाई क्षणभर विचारात पडली. मग मला म्हणाली, "तू तिकडं उभा राह्य. अन् घाबरू नोको." मी रेघेच्या अलीकडून पाहत होतो. चौघी एका ओळीत बसलेल्या. बेबीमावशीनं पिशवीत हात घातला, कचोरीचा पुडा बाहेर आला. मोठीबाईची नजर समोरच्या पाटीकडे गेली, तिथं खाण्यावर काट मारलेलं चित्र होतं. तिनं पुडा हिसकावला. गाडीत खाल्लं तरी 100 दिरहम, हे मी तिला आदल्या रात्री सांगितलेलं होतं आणि तिनं रुपयांत करून ठेवलेलं होतं. "तेवीसशेची कचोरी खाशीन काय वं?" हे मला लांबून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून समजलं, आणि त्या डब्यातल्या एका मल्याळी बाईला भाषा न कळताही समजलं असावं, कारण तिनं आपल्या मुलाच्या हातातलं बिस्किट हळूच पर्समध्ये टाकलं.

बुर्ज खलिफा 828 मीटर. 2010 साली उघडला, अजून जगात त्याच्याहून उंच इमारत नाही. वर जायचं तिकीट काढायला भाऊ निघाला तशी मोठीबाईनं त्याची बाही धरली. "वर जाऊन काय दिसते?" तो म्हणाला, सगळं शहर. "अन् हे?" तिनं बुर्जाकडे बोट केलं. "हे दिसते काय वरून? नाही ना. मंग जे पाह्याले आलो तेच सोडून बाकीचं काऊन पाहू?" याला उत्तर नव्हतं. आम्ही खाली बसलो. ठकूमावशीनं, जिच्या माहेरच्या वाटेवर नांदुऱ्याचा हायवेवरचा 105 फुटी मारुती लागतो, तोंडी हिशेब केला: एकावर एक सव्वीस मारुती. मला तो आकडा जास्त पटला. मीटरमध्ये माणसाला काही कळत नाही.

खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी असते, तिला दर माणशी एक दिरहम. सबंध दुबईत रास्त भावाची हीच एक गोष्ट, असा मोठीबाईचा शेरा. पलीकडे देइऱ्याचा सोनेबाजार. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, त्यामुळे धातूच्या बाबतीत ती कुणाला भीत नाही. तिथं सोन्याचा भाव पाटीवर लावलेला असतो, तो हलत नाही. हलते ती घडणावळ. हे तिला दोन मिनिटांत कळलं आणि पुढचा तास तिनं फक्त घडणावळीवर लावला. दुकानदार गुजराती, हिंदी बोलणारा. तिनं पाटल्या पाहिल्या, तोडे पाहिले, तराजूखाली बोट घालून पाहिलं. घडणावळ उतरत उतरत निम्म्यावर आली. दुकानदारानं चहा मागवला. मी हळूच सांगितलं की फिरायला आलेल्या माणसाला दागिन्यांवर जकातीची सूट नसते. परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्या बाईलाच 40 ग्रॅमपर्यंत आणता येतं. मोठीबाई उठली. "वर्षभर कोन थांबते? कापूस वावरात उभा हाये." दुकानदाराला म्हणाली, "भाव बरोबर लावला तुमनं. ध्यानात ठेवते," आणि बाहेर पडली. तो माणूस रागावला नाही. उलट दारापर्यंत आला. चांगली घासाघीस बऱ्याच दिवसांत पाहिली नसावी.

आणि मग रविवारची दुपार, जिच्यासाठी हा सगळा घाट घातलेला. तिघी धाकट्या बहिणींनी आपसात ठरवलेलं: आज मोठीबाईनं काहीही करायचं नाही. समुद्रावर एक खुर्ची घेतली, तिला बसवलं, पिशवी काढून घेतली, बटवासुद्धा मागितला. बटवा तिनं दिला नाही, पण खुर्चीत बसली. समोर निळं पाणी, मागे काचेच्या इमारती. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग ती हात कुठं ठेवावेत ते शोधू लागली. मांडीवर ठेवले, मग पदरात, मग खुर्चीच्या दांड्यांवर. तोंड उतरलं. आईनं विचारलं, छातीत दुखतं का? नाही. चक्कर? नाही. बेबीमावशीनं कपाळाला हात लावला. तिघीही घाबरल्या. भाऊ जवळचा दवाखाना फोनवर शोधू लागला.

शहाणी निघाली ती ठकूमावशी. तिनं पिशवीतून हिशेबाची वही काढून थोरलीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मोठेबाई, कालच्या टॅक्सीचे कोनाकडून घ्यायचे वं?" दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. पाच मिनिटांत ती बेबीमावशीला रागावत होती की फेस आलेल्या पाण्यात पाय घालू नको, सर्दी होते.

हे आजचं नाही. आजी निंदायला, वेचायला जायची, आणि घरी पोरी सांभाळायला थोरली. चौथी झाली, पाचवीत नाव घातलं, त्याच वर्षी बेबीमावशी जन्मली आणि मोठीबाईची शाळा सुटली. तिघींच्या वेण्या तिनं घातल्या, तिघींची स्थळं तिनं आधी पारखली, आणि तिघींच्या सासरी पहिल्या दिवाळीला मुराळी म्हणून तीच गेली, कारण भाऊ नव्हता. खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर हिंडत 2019 साली तिथं येऊन पोचला. त्याची पेपरात फार तारीफ आली होती. मोठीबाईला त्याचं काडीचं कौतुक नाही. "एकटा होता त्याले काय झालं फिराले? तीन बहिनी घेऊन ये म्हना."

परतल्यावर खामगावात तिच्या ओसरीवर हिशेब झाला. सगळं वहीत होतं. अब्राचे दिरहम, पाण्याच्या बाटल्या, नेपाळी मुलीच्या दोन कचोऱ्या (या खात्यावर "धर्म" असं लिहिलेलं). अनारशांची नोंद "रेल्वेत गेले" अशी. माझा खर्च चौघींत विभागलेला, पण त्यातून मेट्रोच्या फेऱ्या वजा केलेल्या, कारण त्या वेळात मी सोबत नव्हतो. शेवटी सात दिरहम उरले. चौघींत सात जाईनात. पावणेदोन दिरहम म्हणजे किती, यावर घाटावरचे आणि घाटाखालचे दोन्ही पक्ष बोलले. ते सात दिरहम बटव्यात ठेवायचे आणि पुढच्या खेपेला वापरायचे, असं ठरलं.

पुढच्या खेपेला म्हटल्यावर बेबीमावशीनं लगेच सिंगापूरचं नाव काढलं. मोठीबाईनं वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळली, "तिथं खसखस चालते काय?" चालत नाही, तिथंही बंदी आहे. तिनं नावावर काट मारली. आई म्हणाली, मग काठमांडू करू. जवळ आहे, आपलं खाणं मिळतं, आणि आपल्या लोकांना पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदानाचं कार्ड दाखवलं की झालं, ज्याचं त्यानं आपल्यापाशी ठेवायचं.

मोठीबाईची पेन्सिल थांबली.

"ज्याचं त्याच्यापाशी?" ती म्हणाली. "अन् हरपलं त?"